पाच वर्षांत बी.टेक. आणि एम.टेक.: एका गलाईवाल्या वडिलांच्या प्रश्नाला उत्तर

विट्याजवळच्या गावातल्या एका वडिलांचा प्रश्न आहे. त्यांचा गलाईचा, म्हणजे जुनं सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याचा, धंदा कोइमतूरला. मुलगी आजीजवळ राहून सांगलीत बारावी सायन्स करते. तिला मटेरियल्स सायन्सचं इंजिनिअरिंग करायचंय. क्लासमध्ये कुणी सांगितलं की पाच वर्षांत बी.टेक. आणि एम.टेक. दोन्ही होतात, एक वर्ष वाचतं. अमेरिकेत तर 'चार अधिक एक' सर्रास चालतं. घ्यावं का? आणि शेवटी, बहुतेक सहजच, त्यांनी एक ओळ लिहिलीय: "लहानपणी दुकानात बसून विचारायची, तेजाबातून काढलेलं सोनं विटकरी का दिसतं. मला कधी सांगता आलं नाही."

दादा, मी त्या शेवटच्या ओळीपासूनच सुरुवात करतो.

जुना दागिना आला की तुम्ही त्यात सोन्याच्या साधारण तिप्पट चांदी घालून एकत्र वितळवता आणि मग तेजाबात, म्हणजे नायट्रिक अ‍ॅसिडमध्ये, उकळता. चांदी, तांबं विरघळून जातं, सोनं तळाशी राहतं. चांदी कमी पडली की तेजाब आत शिरत नाही आणि सोन्यात चांदी अडकून बसते, हे तुमच्या हाताला माहीत आहे. त्यामागचं कारण असं: चांदीचे अणू पुरेसे असले तर ते एकमेकांना लागून आतपर्यंत वाट तयार करतात, तेजाब त्या वाटेने पुढे सरकतं. चांदी निघून गेली की उरलेले सोन्याचे अणू जागच्या जागी गोळा होतात आणि स्पंजासारखी जाळी तयार होते. तिची छिद्रं इतकी बारीक, काही दहा नॅनोमीटरची, की उजेड आतच अडकतो. म्हणून ते विटकरी दिसतं. १०६४ अंशांवर वितळलं की जाळी मोडते आणि पिवळा रंग परत येतो. जगभरच्या प्रयोगशाळांत हेच मुद्दाम करून घेतात, त्याला सच्छिद्र नॅनो-सोनं म्हणतात, आणि रासायनिक क्रिया घडवायला किंवा सेन्सरमध्ये ते वापरून पाहतात. तुमच्या लेकीने दुकानात बसून जे विचारलं, त्यावर एम.टेक.चा प्रबंध होऊ शकतो.

तेव्हा विषय तिला मानवेल का, याची मला फार काळजी नाही. पाचवं वर्ष घ्यायचं का, हा मात्र वेगळा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर आज बारावीत देऊ नये असं माझं मत आहे.

मी पुण्याच्या सीओईपी कॉलेजातून मेटलर्जी, म्हणजे धातूंचं इंजिनिअरिंग, केली, तीन वर्षं शिरोलीला एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, काढली, मग गेट ही एम.टेक.ची प्रवेश परीक्षा देऊन एम.टेक. केलं. आता कुपवाडला फाउंड्रीत मेल्टिंग आणि प्रयोगशाळा दोन्ही माझ्याकडे आहेत. पंचवीसेक वर्षांत चार वर्षंवाली, पाच वर्षंवाली आणि चार-अधिक-दोनवाली अशी तिन्ही प्रकारची पोरं हाताखाली आली. त्या अनुभवावर लिहितोय.

आधी एक वर्ष वाचतं म्हणजे नेमकं कुठून वाचतं ते बघू. सरळ रस्त्याने चार वर्षं बी.टेक. आणि दोन वर्षं एम.टेक., एकूण सहा. एम.टेक.च्या पहिल्या वर्षात मुख्यतः विषय असतात, दुसऱ्यात प्रबंध. मेटलर्जीच्याच विद्यार्थ्याला त्या पहिल्या वर्षात थर्मोडायनॅमिक्स, फेज ट्रान्सफॉर्मेशन, मेकॅनिकल बिहेवियर हे पुन्हा थोडं खोलात शिकवतात, कारण वर्गात मेकॅनिकलची, केमिकलची, फिजिक्सवाली मुलंही बसलेली असतात. मी स्वतः तो आयर्न-कार्बन डायग्राम तिसऱ्यांदा काढला तेव्हा मास्तरांना म्हणालो होतो, आता हा झोपेतही काढतो. दुहेरी पदवीत, म्हणजे त्या पाच वर्षांच्या कोर्समध्ये, हेच वरच्या पातळीचे विषय चौथ्या वर्षात ऐच्छिक विषयांच्या जागी घेतले जातात आणि पाचवं वर्ष बहुतांश प्रबंधाला उरतं. म्हणजे वाचतं ते उजळणीचं वर्ष. शाखा तीच असेल तर ही बचत खरी आहे. पण तुमची मुलगी सांगलीतच राहून वालचंद कॉलेजात मेकॅनिकलला गेली, तर हेच उजळणीचं वर्ष तिच्यासाठी पहिलंच शिकणं असेल, आणि ते वाचवून चालणार नाही.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. घरात 'एक वर्ष वाचलं' हे वाक्य मुलीच्या बाबतीत कधीकधी भलत्याच हिशेबाने बोललं जातं. तो हिशेब या निर्णयात आणू नका.

आता पाचव्या वर्षात मिळतं काय? माझ्या मते एकच गोष्ट: एका प्रश्नामागे सलग वर्षभर लागायची सवय. ती काय कामाची, ते एका प्रसंगातून सांगतो.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एसजी आयर्नचा (ज्यात ग्रॅफाइट गोल गाठींच्या रूपात असतं असं ओतीव लोखंड) एक जाड ब्रॅकेट होता, भिंत साठ मिलिमीटरची. गिऱ्हाइकाच्या तपासणीत इलाँगेशन, म्हणजे तुटण्याआधी धातू किती ताणला जातो ते, कमी येत होतं, माल परत येत होता. आमचे कागद मात्र स्वच्छ. मॅग्नेशियम ०.०४ टक्क्यांच्या आसपास, वाय-ब्लॉकमधून (चाचणीसाठी वेगळा ओतलेला ठोकळा) काढलेल्या बारची नोड्युलॅरिटी, म्हणजे गोल गाठींचं प्रमाण, नव्वद टक्क्यांच्या वर. आम्ही अनुभवी मंडळी वाळूवर, पोअरिंग टेम्परेचरवर, गिऱ्हाइकाच्या मशीनवरसुद्धा संशय घेऊन बसलो होतो. नुकतीच पाच वर्षांची पदवी घेऊन आलेली एक मुलगी होती. तिने पहिल्या दिवशी एवढंच विचारलं, "सर, वाय-ब्लॉक ब्रॅकेटएवढा हळू थंड होतो का?" मग तिने परत आलेला एक ब्रॅकेट मधोमध कापायला लावला, अगदी गाभ्यातून तुकडा काढला, घासून-पॉलिश करून मायक्रोस्कोपखाली ठेवला. कडेला गोल गोल गाठी, आणि गाभ्यात ग्रॅफाइटच्या तुटक्या प्रवाळासारख्या फांद्या. चंकी ग्रॅफाइट म्हणतात त्याला. जाड भिंत, हळू थंड होणं आणि गाठी गोल व्हाव्यात म्हणून घालतो त्या मॅग्नेशियम अलॉयमधले रेअर अर्थ (दुर्मिळ मृदा) धातू जास्त, असा तो मेळ होता. आम्ही कमी रेअर अर्थचा अलॉय आणला, अँटिमनी चिमूटभर दिलं, माल परत येणं थांबलं.

नंतर चहाला मी तिला विचारलं, हे पाचव्या वर्षात केलं होतंस का? म्हणाली, नाही सर, माझा प्रबंध अ‍ॅल्युमिनियमवर होता. पहिले पाच महिने माझे सगळे नमुने चुकीच्या जागेवरून कापलेले निघाले, सगळं फुकट गेलं. तेव्हापासून आकडा बघायच्या आधी तुकडा कुठून काढलाय ते बघते.

पाचव्या वर्षाची किंमत ती एवढी. चार वर्षांच्या पोराला हे येत नाही असं मी म्हणत नाही. आमच्याकडचा सर्वांत चांगला मेल्टिंग इंजिनिअर साधा बी.टेक. आहे, शॉप फ्लोअरवर पाच महिने त्यानेही फुकट घालवलेत. फक्त त्या काळात त्याचा पगार चालू होता आणि भुर्दंड मालकाला बसला.

उलटही होतं. माझ्या एम.टेक.ला, संस्थेचं नाव घेत नाही, मोठी होती, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप पाच महिने बंद पडला होता. गाईडसाहेब वर्षातले चार महिने परदेशात. प्रबंध झाला, पदवी मिळाली, पण त्या वर्षात मी जे शिकलो ते मुख्यतः भट्टीच्या थर्मोकपलची दुरुस्ती. अशा ठिकाणी अडकलेलं पाचवं वर्ष हे फक्त फी भरून काढलेलं वर्ष.

म्हणून पाच वर्षांचा कोर्स सतराव्या वर्षीच पक्का करून टाकणं मला धोक्याचं वाटतं. बऱ्याच ठिकाणी दोन्ही पदव्या पाचव्या वर्षाअखेरीस एकदमच देतात. चौथ्या वर्षी मन उडालं तर नुसत्या बी.टेक.वर बाहेर पडता येतं का, हे प्रत्येक संस्थेच्या नियमांवर असतं. ते तोंडी ऐकू नका, त्यांच्या नियमावलीत वाचा. कॅम्पस मुलाखतीही पाचव्या वर्षी. बरोबरची मुलं वर्षभर आधी पगार घेऊन घरी येतात, हॉस्टेलचा मजला रिकामा होतो. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण त्या वर्षात खचलेली पोरं मी पाहिलीत. आणि बऱ्याच कंपन्या चार वर्षंवाला आणि पाच वर्षंवाला, दोघांना एकाच पायरीवर घेतात.

शिवाय आणखी एक प्रकार आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. मोठ्या संस्थेचं नाव लागावं म्हणून, रँक तेवढ्यावरच बसते म्हणून, मुलं मेटलर्जीची पाच वर्षांची जागा घेतात आणि पहिल्या सेमिस्टरपासून कोडिंगच्या मागे लागतात. त्यात गैर काही नाही, पण मग चार वर्षांचीच जागा घ्या. ज्या विषयातून पळायचंय त्यात एक वर्ष जास्त कशाला?

आता कुठे काय आहे ते. आपल्या दोन जिल्ह्यांची गंमत बघा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली पलूसजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली, तिथे लोखंडी नांगर ओतले. सातारा रोडला कूपरांचे नांगर. कराडजवळ ओगलेवाडीला काचेचा कारखाना, ज्याचा प्रभाकर कंदील घरोघरी होता. धातू आणि काच, दोन्हीत आपण शंभर वर्षं जुने. पण वालचंद कॉलेज, १९४७ चं, किंवा कराडचं सरकारी कॉलेज, १९६० चं, दोन्हीकडे मेटलर्जीची बी.टेक. शाखा नाही. त्यामुळे या विषयासाठी जिल्ह्याबाहेर जावं लागणार.

जवळचं म्हणजे सीओईपी: एमएचटी-सीईटीवर प्रवेश, १९४८ पासूनचा मेटलर्जी विभाग, चार वर्षांचं बी.टेक. आजूबाजूला चाकण-भोसरी, म्हणजे सुट्टीत कुठल्या ना कुठल्या कारखान्यात उभं राहता येतं. नागपूरचं व्हीएनआयटी जेईई मेनवर, आणि तिथे अर्ध्या जागा महाराष्ट्राच्या मुलांना. आयआयटींत मुंबई, मद्रास, खरगपूर, कानपूर, वाराणसी इथे हा विभाग जुना आणि भक्कम आहे. वाराणसीचा मेटलर्जी विभाग तर १९२३ चा, देशातला पहिला. तिथे सिरॅमिकचा वेगळा विभाग आहे आणि मटेरियल्स सायन्सचं वेगळं 'स्कूल', म्हणजे विभागच, आहे, तिथे बारावीनंतर सरळ पाच वर्षांची दुहेरी पदवी मिळते. या पाच वर्षांच्या जागा आयआयटी दर काही वर्षांनी वाढवतात-घटवतात, म्हणून गेल्या वर्षीच्या यादीवर विसंबू नका, जोसाची, म्हणजे आयआयटी-एनआयटींच्या सामायिक प्रवेशाची, त्या वर्षीची यादी उघडा.

माझ्या दृष्टीने महत्त्वाची सोय दुसरीच आहे: चार वर्षांच्या बी.टेक.ला प्रवेश घ्यायचा आणि तिसऱ्या वर्षाच्या सुमारास अर्ज करून त्याचं दुहेरी पदवीत रूपांतर करून घ्यायचं. कानपूरला ही पद्धत आहे, इतर आयआयटींतही वेगवेगळ्या नावांनी आहे, मुंबईला तर दुसऱ्या विभागाचं एम.टेक. जोडून घेण्याचीही वाट आहे. तोवर मुलीला कळलेलं असतं की तिला भट्टी आवडते की सिम्युलेशन, पॉलिमर की बॅटरी, की यातलं काहीच नाही.

बंगळुरूच्या आयआयएससीत २०११ पासून चार वर्षांची संशोधनाची बी.एस. पदवी आहे, मटेरियल्स हा त्यातला एक मुख्य विषय, आणि पाचवं वर्ष थांबलं तर मास्टर्स. ज्या मुलीला 'का' विचारायची खोड आहे तिने तो अर्ज चुकवू नये. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात नॅनोसायन्सचा पाच वर्षांचा बी.एस्सी.-एम.एस्सी. आहे, घराजवळ, कमी खर्चाचा, पण ती विज्ञानाची पदवी, इंजिनिअरिंगची नव्हे. कारखान्याच्या जाहिरातीत 'बी.टेक. मेटलर्जी' असं लिहिलेलं असलं की तिथे अडतं. संशोधनाकडेच जायचं असेल तर अडायचं कारण नाही.

परदेशाबद्दल क्लासवाल्यांनी तुम्हाला अर्धंच सांगितलंय. अमेरिकेतलं 'चार अधिक एक' हे त्या त्या विद्यापीठाच्या स्वतःच्या बी.एस.च्या विद्यार्थ्यांसाठी असतं सहसा. म्हणजे बारावीनंतर चारही वर्षं तिथेच शिकणाऱ्याला. इथून बी.टेक. करून गेलेल्याला साधं मास्टर्सच करावं लागतं, बहुधा दीड-दोन वर्षांचं. त्यांचा हिशेब असा: मास्टर्सला साधारण तीस क्रेडिट (अभ्यासाच्या भाराचं माप) लागतात. त्यातले समजा नऊ ते बारा चौथ्या वर्षातच घेतले आणि ते दोन्ही पदव्यांत मोजले गेले, तर उरले अठरा ते एकवीस, ते दोन सेमिस्टरमध्ये बसतात. किती क्रेडिट दोनदा मोजू द्यायचे हे प्रत्येक विद्यापीठ आपलं ठरवतं, तिसऱ्या वर्षात चांगल्या गुणांवर अर्ज करावा लागतो.  आणि यातले बरेचसे कोर्स प्रबंधाशिवायही पूर्ण होतात. नुसते विषय घेऊन पदवी. मी वर सांगितलेली पाचव्या वर्षाची किंमत तिथे निघूनच गेली, मग फक्त कागद उरला.

इंग्लंडची तऱ्हा वेगळी. तिथे एम.इंज. चार वर्षांतच होतं. ऑक्सफर्डच्या मटेरियल्स सायन्समध्ये चौथं अख्खं वर्ष संशोधनाचं असतं, वर्गच नाहीत. मला विचाराल तर कोर्स असा आखावा.

काही खाजगी कॉलेजं 'तीन वर्षं इथे, दोन वर्षं परदेशात' असे करार दाखवतात. तिथे दोनच प्रश्न विचारा: पदवीवर सही कुणाची, आणि व्हिसा नाकारला तर मुलगी कुठे बसणार. दोन्हींची उत्तरं लेखी आणा. गोड बोलून टाळलं तर उठून या.

पैशाचं थोडक्यात. गेट देऊन दोन वर्षांचं एम.टेक. केलं तर महिना १२,४०० रुपये विद्यावेतन असतं, म्हणजे चोवीस महिन्यांचे २,९७,६०० रुपये. दुहेरी पदवीत पाचव्या वर्षी विद्यावेतन मिळतं की नाही, आणि कुठल्या अटीवर, हे संस्थेगणिक बदलतं. म्हणजे एक वर्ष वाचवताना हे पैसे सुटू शकतात. पण एक वर्ष आधी लागलेल्या नोकरीचा पगार त्याहून जास्तच असेल. हिशेबात फार मोठा फरक पडत नाही, म्हणून पैशावर निर्णय करू नका. गेट आता तिसऱ्या वर्षापासून देता येते आणि गुण तीन वर्षं चालतात, तेव्हा तिने तिसऱ्या वर्षीच एकदा बसावं. मेटलर्जीचा पेपर एमटी; मेकॅनिकलहून येणाऱ्याला एक्सई या सामायिक इंजिनिअरिंग पेपरमधला मटेरियल्सचा भाग सोपा जातो.

पुढे उपयोग कुठे? इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचं तर एम.टेक. लागतंच, पाच वर्षांचं एकत्रित चालतं. बीएआरसीच्या (भाभा अणुसंशोधन केंद्राच्या) प्रशिक्षणाला मेटलर्जीचं बी.टेक. पुरतं, किमान साठ टक्क्यांचं. हैदराबादचं डीएमआरएल, जमशेदपूरचं एनएमएल, कल्पक्कमचं आयजीकॅर अशा सरकारी प्रयोगशाळांत संशोधनात पुढे जायचं तर वर्षभराचा प्रबंध हाताशी असलेला बरा. आमच्यासारख्या फाउंड्रीला काय हवं? खरं सांगतो, बायोडेटावर दोन पदव्या आहेत की एक, ते मी बघतही नाही. प्रबंधाचं नाव बघतो आणि विचारतो: यात काय चुकलं होतं? ज्याला सांगता येत नाही त्याने काही केलेलं नसतं.

तेव्हा माझा सल्ला असा. या वर्षी तिने विषय निवडावा, वर्षं नाही. पर्याय भरताना मेटलर्जी किंवा मटेरियल्सच्या चार वर्षांच्या जागा वर ठेवा, त्यातही जिथे नंतर रूपांतर होतं त्या आधी. वाराणसीसारखी सरळ पाच वर्षांची जागा त्यांच्या खाली, पण संगणकाच्या कुठल्याही दुय्यम जागेच्या वर. मग तिसऱ्या वर्षात, पाचवं सेमिस्टर संपताना, तिने तीन गोष्टी एका चिठ्ठीवर लिहाव्यात: कोणाच्या हाताखाली, कोणत्या यंत्रावर, कोणता प्रश्न. यंत्र चालू आहे का हे तिने स्वतः जाऊन बघावं, आणि त्या गाईडच्या आधीच्या विद्यार्थ्यांना प्रबंधाला किती महिने लागले ते मेसमध्ये विचारावं, मास्तरांना नव्हे. तिन्ही रकाने भरले तर पाचवं वर्ष डोळे मिटून घ्यावं. एकही रिकामा राहिला तर बी.टेक. घेऊन बाहेर पडावं, दोन वर्षं नोकरी करावी; प्रश्न शॉप फ्लोअरवर आपणहून भेटतो, मला तसाच भेटला.

मुलगी म्हणून फाउंड्रीत निभेल का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण आजी विचारेल. आमच्या प्रयोगशाळेत आता मुलीच जास्त आहेत, मेल्टिंगवर एक आहे. धूर आणि उकाडा सगळ्यांना सारखाच.

दिवाळीला गावी याल तेव्हा तिला घेऊन कुपवाडला या. पायात बूट, अंगात सुती कपडे. आणि तेजाबातून काढलेल्या विटकरी सोन्याचा एक कण न वितळवता तसाच आणा. आमचा मायक्रोस्कोप हजारपटीच्या पुढे जात नाही, ती छिद्रं त्यात दिसायची नाहीत. पण ती का दिसत नाहीत आणि कुठल्या यंत्रात दिसतील, हे तिला तिथेच उभं राहून दाखवतो.